तोडलेले फूलही जिवंत असते

गेल्या माघ महिन्यात अण्णांच्या पंचाहत्तरीनिमित्त आमच्या घरी एक छोटासा कौटुंबिक समारंभ झाला. आप्तेष्ट, शेजारी, अण्णांचे जुने विद्यार्थी असे कितीतरी लोक येऊन गेले आणि जाताना अनेकांनी पुष्पगुच्छ त्यांच्या हाती दिले. रात्री मोजले तेव्हा १९ पुष्पगुच्छ भरले. कपाटावर, खिडकीत, जेवणाच्या टेबलावर, जिथे जागा मिळेल तिथे ते मांडून आम्ही सारे थकून झोपी गेलो. सकाळी पाहतो तो घराची कळाच बदललेली. गुलाबांनी माना टाकल्या होत्या, जरबेराचे देठ मध्येच वाकले होते, पानांच्या कडा कुरकुरीत झाल्या होत्या. अण्णा आपल्या खुर्चीत बसून एकेका गुच्छाला अडकवलेली चिठ्ठी वाचत होते. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांचे बाहेर जाणे आता जवळजवळ थांबले आहे. माणसे पांगल्यावर ही फुलेच त्यांच्या सोबतीला उरली होती. मी मात्र कचऱ्याची मोठी पिशवी घेऊन उभी होते आणि वैतागून म्हणत होते, "पुढच्या वेळी पत्रिकेतच छापायचे, कृपया पुष्पगुच्छ आणू नयेत!"

नेमका त्याच वेळी माझा मामेभाऊ दारात आला. तो आपल्या शेतातील हरितगृहात जरबेरा पिकवतो. माझ्या हातातली पिशवी पाहून तो म्हणाला, "आक्का, ही फुलं अजून मेलेली नाहीत. काल दुपारपासून त्यांना कुणी पाणी दाखवलेलं नाही, म्हणून मान टाकलीय. आणि पत्रिकेत तसं छापलंस, तर आम्ही काय पिकवायचं?"

त्याने एक बादली, एक धारदार सुरी आणि जुनी वर्तमानपत्रे मागून घेतली. तासाभरात सगळे गुच्छ सोडवले, खरोखर संपलेली फुले बाजूला काढली आणि उरलेली पुन्हा पाण्यात उभी केली. संध्याकाळपर्यंत निम्म्याहून अधिक फुलांनी माना वर केल्या. त्यांतील निशिगंधाच्या काही काड्या पुढे नऊ दिवस अण्णांच्या खुर्चीशेजारी एकेक कळी उमलत राहिल्या. त्या सकाळी जे पाहिले, आणि त्यानंतर कुतूहलाने जे वाचले व घरी करून पाहिले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले म्हणून हा लेख.

देठ कापल्यानंतर

आपल्यापैकी अनेक घरांत झाडावरचे फूल हाताने न तोडण्याचा दंडक पाळला जातो. वनस्पतीलाही जीव आहे ही जाणीव आपल्याला बाळपणापासून मिळालेली असते. तरीही लग्नकार्यात, सत्कारात, आजाऱ्याच्या भेटीला फुले घरी येतातच. ती एकदा आली की त्यांचे काय करायचे, हा प्रश्न मग आपला असतो. आणि तेथे पहिली गोष्ट समजून घ्यावी लागते ती ही की, झाडापासून वेगळे झालेले फूल त्या क्षणी निर्जीव होत नाही. ते श्वास घेत असते, पाकळ्यांवाटे व पानांवाटे बाष्प बाहेर टाकत असते, कळी असेल तर उमलण्याची धडपड करीत असते. फक्त मुळांकडून येणारे पाणी आणि झाडाच्या पानांत तयार होणारी साखर, हे दोन्ही पुरवठे एकदम तुटलेले असतात. जवळच्या शिदोरीवर त्याला उरलेले दिवस काढायचे असतात.

देठाच्या आत केसाहून बारीक अशा असंख्य नलिका असतात आणि त्यांतून पाण्याची अखंड धार वर जात असते. देठ हवेत कापला की या नलिकांच्या तोंडाशी हवा शिरते व धार तुटते. नंतर फूल पाण्यात ठेवले तरी हवेचे हे बुडबुडे वाट अडवून बसतात. दुसरा अडथळा जंतूंचा. कापलेल्या देठातून पाझरणारा रस, पाण्यात बुडून कुजणारी पाने आणि न घासलेली फुलदाणी यांमुळे पाण्यात जंतू झपाट्याने वाढतात. त्यांचा बुळबुळीत थर नलिकांची तोंडे बुजवून टाकतो. फुलदाणी काठोकाठ भरलेली असतानाही फूल कोमेजते ते यामुळे. समोर पाणी असते, पण पिता येत नाही.

हे मुलांना दाखवायचे असेल तर एक सोपा प्रयोग आहे. पाण्यात खाण्याचा रंग थोडा गडद कालवावा आणि त्यात पांढऱ्या निशिगंधाची किंवा पांढऱ्या शेवंतीची ताजी काडी उभी करावी. काही तासांत पाकळ्यांच्या शिरांमधून रंग चढू लागतो. बाजारात निळा किंवा गर्द गुलाबी निशिगंध दिसतो, त्याचे रहस्य हेच. आता दुसऱ्या काडीचे टोक मेणाने बंद करून तीही त्याच पाण्यात ठेवावी. ती पांढरीच राहते आणि लवकर सुकते. देठाचे तोंड उघडे असणे म्हणजे काय, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

पहिली पंधरा मिनिटे

फुले घरी आल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटे सर्वांत मोलाची. पाहुणे बसलेले असले तरी एवढा वेळ काढता आला तर पुढचे अनेक दिवस हाती लागतात.

प्रथम गुच्छाचा पारदर्शक कागद, चिकटपट्टी, रबर आणि फिती काढाव्यात. कागदाच्या आत दमट हवा कोंडते आणि पाकळ्यांवर करडी बुरशी धरते. टोपलीतील फुले बहुधा हिरव्या स्पंजात खोचलेली असतात. हा स्पंज ओला असेपर्यंत ठीक. एकदा पूर्ण वाळला की तो पुन्हा नीट पाणी धरत नाही. म्हणून टोपली तशीच ठेवायची असेल तर रोज स्पंजावर पाणी घालावे, अन्यथा फुले काढून सरळ फुलदाणीत घ्यावीत.

मग पसरट भांड्यात स्वच्छ पाणी घेऊन, देठाचे टोक पाण्याखाली धरून, खालचा दोन-तीन सेंटीमीटर भाग तिरका कापावा. पाण्याखाली कापल्याने नव्या तोंडात हवा शिरत नाही. तिरक्या कापाचा लाभ असा की देठ फुलदाणीच्या तळाला सपाट टेकून बंद होत नाही. सुरी धारदार असावी. बोथट कात्रीने देठ चेचला जातो आणि चेचलेल्या भागातून रस पाझरून जंतूंना आयते अन्न मिळते. कठीण देठ ठेचून ठेवावेत असे जुने लोक सांगत, ते याच कारणाने टाळावे.

पाण्याच्या पातळीखाली येणारे प्रत्येक पान काढून टाकावे. वरची पाने मात्र सगळी ओरबाडू नयेत. थोडी राहू द्यावीत. फुलदाणी साबणाने व ब्रशने आतून घासलेली असावी. आपण जेवणाचे ताट जितके स्वच्छ ठेवतो तितकीच ती स्वच्छ हवी, हा माझ्या मामेभावाचा शब्द. बारीक मानेच्या फुलदाणीत हात जात नसेल तर मूठभर तांदूळ व साबणाचे पाणी घालून जोरात हलवावे. तळाचा थर सुटतो.

कापलेली फुले लगेच मांडणीत न घेता बादलीत खोल पाण्यात, सावलीच्या गार जागी दोन तास उभी ठेवावीत. प्रवासात गमावलेले पाणी ती या वेळात भरून घेतात. त्यानंतरच हवी तशी मांडणी करावी.

पाण्यात काय घालावे?

फुलाच्या पाण्याला तीन गोष्टी हव्या असतात: अन्नासाठी थोडी साखर, पाणी किंचित आंबट करणारे आम्ल आणि जंतूंना आवर घालणारे काही. आंबट पाणी देठातून अधिक सहज वर चढते, शिवाय त्यात जंतू सावकाश वाढतात. दुकानात मिळणाऱ्या फुलांच्या पुडीत साधारणपणे याच तीन गोष्टी असतात. घरी करायचे झाल्यास प्रमाण असे: एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबाचा गाळलेला रस, एक मोठा चमचा साखर आणि अर्धा छोटा चमचा कपड्यांसाठी मिळणारे द्रव ब्लीच.

येथे एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. लिंबूरस किंवा व्हिनेगर आणि ब्लीच ही कधीही नुसती एकमेकांत मिसळू नयेत. त्यातून विषारी वायू निघतो. आधी पूर्ण लिटरभर पाणी घ्यावे, त्यात रस व साखर विरघळवावी आणि सर्वांत शेवटी, खिडकी उघडी ठेवून, ब्लीच घालावे. संडास धुण्याच्या आम्लाशी तर ब्लीचचा संबंधही येऊ देऊ नये. असे पाणी काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात ठेवावे. आंबट पाणी तांब्या-पितळेच्या भांड्यांवर परिणाम करते. लहान मुले ते सरबत समजून पिणार नाहीत याचीही काळजी घ्यावी.

नुसती साखर मात्र कधीही घालू नये. जंतूंना आवर घालणारे काही नसेल तर साखर फुलाआधी जंतूंच्या उपयोगी पडते, आणि ते पाणी साध्या पाण्यापेक्षा वाईट ठरते. ज्यांना जंतुनाशक वापरणे मनाला पटत नाही, त्यांच्यासाठी वेगळा आणि तितकाच चांगला मार्ग आहे. साखर टाळावी. पाणी उकळून, झाकून, थंड करून वापरावे. उकळल्याने त्यात विरघळलेली हवाही कमी होते. ते रोज सकाळी बदलावे, फुलदाणी रोज धुवावी आणि देठाचे टोक एक दिवसाआड थोडे कापावे. उकळलेले पाणी आपल्या घरांना नवे नाही. जंतू वाढल्यानंतर त्यांना मारण्यापेक्षा ते वाढूच नयेत अशी स्वच्छता राखणे, ही रीतही आपल्या घरांत जुनीच आहे. अण्णांच्या निशिगंधाने नऊ दिवस काढले ते अशाच साध्या पाण्यावर. आईने दुसरे काही घालू दिले नव्हते.

बोअरच्या जड, क्षारयुक्त पाण्यात फुले कमी टिकतात. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणी आपण काटकसरीने फरशी पुसायला वापरतो. ते फुलदाणीत घालू नये, कारण त्यात क्षार आणखी साठलेले असतात. त्याच यंत्राचे शुद्ध पाणी मात्र फुलांना मानवते. काही भागांतील भूजलात फ्लोराइड अधिक असते आणि ग्लॅडिओलस व जरबेरा ही फुले त्याच्या बाबतीत विशेष नाजूक आहेत. तेथे शक्य असल्यास साठवलेले पावसाचे पाणी वापरावे.

फळांची परडी आणि उदबत्तीचा धूर

फुले कोठे ठेवावीत याचा आपण फारसा विचार करीत नाही. जेवणाच्या टेबलावर मधोमध फुलदाणी आणि शेजारी केळी-सफरचंदांची परडी हे दृश्य तर चित्रातही शोभते. फुलांच्या दृष्टीने मात्र ही सर्वांत वाईट जागा होय.

पिकणारी फळे इथिलीन नावाचा एक वायू बाहेर टाकतात. त्याला रंग नाही आणि फळांतून येतो तितक्या अल्प प्रमाणात त्याचा वास येत नाही. पण तो झाडांना व फुलांना वार्धक्याचा निरोप देतो. याचा शोध लागला तो रस्त्यांवरच्या गॅसच्या दिव्यांमुळे. युरोपातील शहरांत जमिनीखालच्या नळांतून गॅस गळे तेथील झाडांची पाने अवेळी झडत. १९०१ साली सेंट पीटर्सबर्ग येथे दिमित्री नेल्युबोव्ह यांनी वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून दाखवले की, दिव्याच्या गॅसमधील हा उपद्रवी घटक इथिलीन आहे. १९०८ मध्ये अमेरिकेत क्रॉकर आणि नाइट यांनी कार्नेशनची उमललेली फुले या वायूने मिटून जातात, हे प्रसिद्ध केले. हा वायू पिकलेली फळे स्वतःच तयार करतात, हे इंग्लंडमध्ये गेन यांनी १९३४ साली सिद्ध केले.

आपल्या शेतकऱ्यांना वायूचे नाव ठाऊक नसले तरी त्याचे काम फार पूर्वीपासून ठाऊक होते. बंद खोलीत केळीच्या घडांना धुरी देऊन ते पिकवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. धुरात इथिलीन असते आणि त्यामुळे केळी लवकर पिकतात. जो धूर केळ्याला पिकवतो तोच फुलाला म्हातारे करतो. म्हणून फुलदाणी फळांच्या परडीपासून, उदबत्तीच्या धुरापासून आणि स्वयंपाकाच्या गॅसपासून दूर ठेवावी. कोमेजलेले फूल स्वतःही हा वायू सोडते. ते वेळीच काढले नाही तर शेजारची फुले लवकर जातात. कार्नेशन आणि ऑर्किड यांना हा वायू विशेष बाधतो.

दुसरा शत्रू उष्णता. तापमान १० अंशांनी वाढले की फुलाचा श्वास सुमारे दुपटी-तिपटीने वाढतो आणि त्याची शिदोरी तितक्याच वेगाने सरते. म्हणून उन्हाची खिडकी, टीव्हीचा किंवा फ्रिजचा माथा, पंख्याखालची जागा आणि वातानुकूलन यंत्राचा थेट झोत टाळावा. पंखा व झोत गार वाटले तरी ते पाकळ्यांतील ओलावा ओढून घेतात. रात्री झोपताना फुलदाणी घरातील सर्वांत गार कोपऱ्यात हलवावी. रात्रीच्या सात-आठ तासांचा हा विसावा फुलांचे आयुष्य एक-दोन दिवसांनी सहज वाढवतो. घरच्या फ्रिजमध्ये ठेवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण तेथे बहुधा फळेही असतात. त्यातही ऑर्किड व अँथुरियम ही उष्ण प्रदेशांतील फुले थंडीने काळवंडतात.

प्रत्येक फुलाची रीत वेगळी

निशिगंध, म्हणजेच गुलछडी, मूळची मेक्सिकोची. पण आता ती आपलीच झाली आहे. एकेरी पाकळ्यांची फुले हार-वेण्यांना सुटी विकली जातात, तर दुहेरी पाकळ्यांच्या काड्या फुलदाणीसाठी उत्तम. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने विकसित केलेले 'सुवासिनी' आणि 'वैभव' हे वाण असे दुहेरी आहेत. काडी घेताना खालची दोन-तीन फुले उमललेली व वरच्या कळ्या टपोऱ्या असाव्यात. ती खालून वर उमलत जाते. खालची फुले सुकताच खुडावीत म्हणजे वरच्यांना पाणी पोचते. वरच्या कळ्या उमलण्यासाठी शक्ती लागते, त्यामुळे साखरेच्या पाण्याचा खरा लाभ येथे दिसतो.

जरबेराचा देठ आतून पोकळ आणि बाहेरून लवदार असतो. जंतू त्याच्यावर लवकर वस्ती करतात. म्हणून त्याला खोल पाण्यात ठेवू नये. चार-पाच सेंटीमीटर पाणी पुरे, पण ते अगदी स्वच्छ हवे. फुलाचे डोके जड असल्याने सुरुवातीचे दोन तास देठाभोवती वर्तमानपत्र गुंडाळून तो सरळ उभा ठेवावा.

गुलाब घेताना कळी बोटांनी हलकेच दाबून पाहावी. ती भरीव लागली पाहिजे. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या हिरवट किंवा डागाळलेल्या असतात. त्या आतल्या पाकळ्यांचे रक्षण करीत आलेल्या असतात. घरी आल्यावर त्या काढल्या तरी चालते. सगळे काटे सोलून काढू नयेत, कारण सालीला जखमा होतात.

ग्लॅडिओलस नेहमी उभा ठेवावा. आडवा पडला की त्याचे टोक वरच्या दिशेने वळते आणि मग ते सरळ होत नाही. कार्नेशनच्या देठावर पेरे असतात. काप पेऱ्यावर न घेता दोन पेऱ्यांच्या मध्ये घ्यावा, तेथून पाणी चांगले चढते. शेवंतीचे फूल चिवट, पण पाने आधी पिवळी पडतात. ती काढत राहिले तर फुले दीर्घकाळ प्रसन्न दिसतात. पॉइन्सेटियासारख्या चीक गळणाऱ्या फांद्यांचे टोक क्षणभर ज्योतीवर धरले की चीक थांबतो. तो चीक डोळ्यांना लागू देऊ नये.

मान टाकलेला गुलाब

उमलण्याआधीच मान टाकलेला गुलाब म्हातारा झालेला नसतो. फुलाखालचा देठाचा भाग अजून कोवळा असतो; पाणी पोचले नाही की तो वाकतो. त्याला वाचवण्याची रीत सोपी आहे. देठ पाण्याखाली थोडा अधिक, तीन-चार सेंटीमीटर कापावा. फूल व देठ मिळून वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळावे, मान सरळ राहील असे पाहावे आणि खोल कोमट पाण्यात दोन-तीन तास उभे ठेवावे. त्यानेही काम झाले नाही तर अख्खे फूल देठासह टबातील साध्या पाण्यात अर्धा-एक तास आडवे बुडवून ठेवावे. बहुतेक गुलाब उठून बसतात. दोन दिवस वाकून राहिलेला मात्र सहसा उठत नाही. म्हणून ही सेवा त्याच दिवशी करावी.

ऐकीव उपाय

फुलदाणीत तांब्याचे नाणे टाकावे असे सांगतात. तांबे जंतूंना आवरते हे खरे. पण आजची आपली रुपयाची नाणी पोलादाची असतात, आणि नाणे तांब्याचे असले तरी त्यातील धातू पाण्यात फारच थोडा उतरतो. ॲस्पिरिनच्या गोळीने पाणी थोडे आंबट होते, पण तिचा भरवशाचा लाभ दिसून आलेला नाही. लिंबाच्या स्वादाचे पारदर्शक शीतपेय मात्र काही अंशी उपयोगी पडते, कारण त्यात साखर व सायट्रिक आम्ल दोन्ही असतात. एक भाग पेय व तीन भाग पाणी घेऊन त्यात ब्लीचचे काही थेंब घालावेत. बिनसाखरेचे पेय घेऊन उपयोग नाही. मीठ घालण्याने लाभ होत नाही, उलट हानीच होते. आणि या साऱ्यांपेक्षा धुतलेली फुलदाणी, नवा काप आणि ताजे पाणी यांचा गुण कितीतरी अधिक आहे.

निरोपाचे दिवस

दर कापाबरोबर देठ आखूड होत जातो. फुलदाणी उंच वाटू लागली की फुले पेल्यात घ्यावीत. देठ अगदी संपला की फुले पसरट वाडग्यात पाण्यावर तरंगत ठेवावीत; आणखी एक-दोन दिवस ती घराचा उंबरठा सजवतात. त्यानंतर तारा, फिती व प्लास्टिक वेगळे करून फुले कुंडीतल्या खतात घालावीत. हिरवा स्पंज मात्र खतात टाकू नये. तो कुजत नाही.

मावळातील गुलाब परदेशी जातात. आपल्या सांगली-कोल्हापूर भागातही अनेक शेतकरी कुटुंबांनी कर्ज काढून हरितगृहे उभारली आहेत. पहाटे उठून फूल काढायचे, लगेच पाण्यात ठेवायचे, जरबेराच्या प्रत्येक फुलाला प्लास्टिकची टोपी घालायची आणि रात्रीच्या गाडीने बाजार गाठायचा, असा त्यांचा दिवस असतो. एवढ्या जिव्हाळ्याने जपलेले फूल आपल्या घरी येऊन एका रात्रीत तहानेने जाते, तेव्हा त्यांचे श्रम आणि देणाऱ्याची माया या दोहोंची आपण उपेक्षा करतो.

म्हणून पत्रिकेत 'पुष्पगुच्छ आणू नयेत' असे आम्ही अखेर छापले नाही. यंदा धाकट्या बहिणीच्या मुलाच्या साखरपुड्याला आईने सर्वांना तोंडीच सांगितले, "आणायचेच असेल तर मोठा गुच्छ नको, एकच फूल आणा." लोकांनी ते मानले. दाराशी आम्ही पाण्याच्या दोन स्वच्छ बादल्या ठेवल्या होत्या. आलेले फूल आधी बादलीत जाई आणि मगच पाहुणा पंगतीला. समारंभ संपल्यावर अण्णांनी हट्टाने सुरी मागून घेतली. खुर्चीत बसून, मांडीवर टॉवेल पसरून, समोरच्या घमेल्यातील पाण्यात ते एकेक देठ तिरका कापीत होते आणि प्रत्येक फूल कोणी आणले ते आम्हाला सांगत होते.